लागणे आणि करणे : बाधा व बचाव यांच्या मराठी शब्दयोजनेविषयी

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्याला दोन टोके आहेत. पूर्वेकडे हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत. पश्चिमेकडे ताम्हिणीचा घाटमाथा, विंझाईचे देऊळ, भाताची खाचरे आणि १९२०च्या दशकात टाटांच्या धरणाखाली गेलेल्या गावांच्या आठवणी. दोन्ही टोकांचे जगणे एकमेकांपासून कितीही दूर गेलेले असो, नव्या वाहनाच्या पुढील बाजूस लोंबणारे लिंबू आणि मिरच्या मात्र दोन्हीकडे सारख्याच दिसतात. हे लिंबू नेमके कशापासून रक्षण करते, असे वाहनाच्या मालकास विचारले, तर 'दृष्ट लागू नये म्हणून' असे उत्तर मिळते. 'करणी होऊ नये म्हणून' असे उत्तर सहसा मिळत नाही. दृष्टीला लिंबू-मिरची पुरते. करणीला 'जाणता' माणूस लागतो, ही समजूत वक्त्याच्या मनात इतकी पक्की असते की ती बोलून दाखविण्याची त्याला गरज वाटत नाही.

कोणत्या आघाताला कोणता बचाव चालतो, याविषयीचे हे न बोललेले नियम मराठीच्या क्रियापदांत बऱ्याच स्पष्टपणे उमटलेले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मंत्रतंत्राच्या खरेखोटेपणाचा प्रश्न येथे विचारार्थ घेतलेला नाही. त्याचा निकाल विज्ञानाने केव्हाच दिलेला आहे. विचार करावयाचा आहे तो भाषेचा. परंतु हा विचार केवळ कोशातल्या कुतूहलाचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

अशा नियमांचे स्वरूप समजून घेण्यास एक अगदी आधुनिक उदाहरण उपयोगी पडते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चारसहा जण मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एखाद्या कल्पित योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि जे घडते त्याचा निर्णय फासे टाकून लागतो. अशा भूमिकाखेळांचा प्रसार आता जगभर झालेला आहे. या खेळाच्या नियमपुस्तकांत मंत्रांची जंत्री असते आणि प्रत्येक मंत्रापुढे त्याच्याशी सामना कसा करावयाचा, हे लिहिलेले असते. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपुरते बोलावयाचे, तर मंत्रांचे काही ढोबळ वर्ग पडतात. काही मंत्र नेम धरून फेकले जातात. ते लागले की चुकले हे मांत्रिकाच्या फाशावर आणि समोरच्याच्या चिलखतावर ठरते. काही मंत्र सर्वांवर सारखेच कोसळतात. त्यांतून निभावणे हे ज्याच्यावर ते पडले त्याच्या फाशावर अवलंबून. आगीच्या लोळातून सुटण्यास चपळाई लागते, विष पचविण्यास शरीराचा कणखरपणा लागतो, मोहिनीतून सुटण्यास मनाचा ठामपणा लागतो. चिलखत जाड असून मोहिनीपुढे त्याचा उपयोग शून्य. 'मॅजिक मिसाइल' नावाचा एक मंत्र तर असा, की तो चुकतच नाही. त्याला अडविण्यासाठी 'शील्ड' हा मंत्र नेमून दिलेला आहे.

याखेरीज काळाचाही भेद आहे. 'काउंटरस्पेल' हा प्रतिकार मंत्र म्हटला जात असतानाच करावा लागतो. 'डिस्पेल मॅजिक' हा नंतर करता येतो, पण टिकून राहिलेला परिणामच त्याने मोडतो. एका क्षणात घडून गेलेला आघात तो मागे घेऊ शकत नाही. मोहिनी उतरविता येईल, भाजलेली कातडी मात्र या मंत्राने बरी होणार नाही. खेळणाऱ्यांत वाद होतात ते बहुतेक याच रेषेवर. एखाद्या आघाताला 'अजून चालू असलेला' म्हणावयाचे की 'घडून गेलेला', हा प्रश्न खेळाच्या दृष्टीने नियमाचा असला, तरी मुळात तो क्रियापदाचा आहे. वैयाकरण ज्याला काळ आणि क्रियाव्याप्ती म्हणतो, तेच येथे जिवावरचे होते.

खेळात हे सारे छापील असते. लोकव्यवहारात नियमपुस्तक नाही, क्रियापदे मात्र आहेत. मराठीत दृष्ट 'लागते', नजर 'लागते', भूत 'लागते'. करणी 'करतात', चेटूक 'करतात'. मूठ 'मारतात'. ही क्रियापदे सहसा एकमेकांची जागा घेत नाहीत. 'दृष्ट मारली' हे मराठी नव्हे. 'करणी लागली' हे कानाला अपुरे वाटते, आणि कोणी तसे बोललाच तर ऐकणारा 'म्हणजे कोणी केली?' असे विचारतो. या तीन क्रियापदांनी तीन वेगळी जगे उभी केली आहेत.

प्रथम 'लागणे' घेऊ. 'बाळाला दृष्ट लागली' या वाक्यात बाळ 'ला' प्रत्यय घेऊन येते, दृष्ट प्रथमेत राहते आणि क्रियापद दृष्टीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. 'बाळाला भूक लागली', 'तहान लागली', 'ठेच लागली', 'झळ लागली' यांची घडण हीच. कोणी ठेच 'लावली' असे विचारण्याची पाळी येत नाही. शेजारणीची दृष्ट लागली असे म्हणता येते हे खरे. पण तेथे शेजारीण षष्ठीत आहे, तृतीयेत नाही. तिची ती दृष्ट आहे, तिने ती केलेली नाही. आईची दृष्ट स्वतःच्या लेकराला लागते, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि तीत आईवर कसलाही ठपका नाही. कौतुकाने पाहिले, एवढेच तिच्याकडून घडले. 'दृष्ट लागण्याजोगे रूप' हा तर निखळ स्तुतीचा शब्दप्रयोग होऊन बसला आहे.

याच घडणीत मुळशी-मावळपासून साताऱ्यापर्यंत ऐकू येणारा आणखी एक प्रयोग आहे. साप चावला असे उघड न म्हणता 'पान लागले' असे म्हणतात. रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेऊ नये, या भीतीतून आलेले हे वळण असावे. त्याचा परिणाम असा झाला, की सर्पदंशासारखी अगदी ठोस शारीरिक घटना व्याकरणदृष्ट्या दृष्टीच्या आणि भुताच्या पंक्तीला जाऊन बसली. या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

जे लागते त्याचा बचाव दोन प्रकारचा. लागण्यापूर्वीचा आणि लागल्यानंतरचा. लागल्यानंतर ते 'काढतात' किंवा 'उतरवितात'. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुलावरून ओवाळून विस्तवात टाकावयाच्या. खाट सुटली नाही तर दृष्ट जबर होती, असा निष्कर्ष. (मिरची जळूनही ठसका न लागणे हा येथे पुरावा आहे, असा पुरावा कोणत्याही पद्धतीत खंडनास कठीणच.) 'उतारा' हे नामही याच धातूचे. भात, नारळ, लिंबू रुग्णावरून उतरवून तिकाटण्यावर किंवा चव्हाट्यावर ठेवतात आणि ते कोणी ओलांडू नये असा दंडक असतो, कारण उतरलेले कोठेतरी राहतेच. चव्हाट्यावर बळी ठेवण्याची चाल फार जुनी आहे. 'मृच्छकटिक' नाटकाच्या पहिल्याच अंकात चारुदत्त मातृदेवतांसाठी चव्हाट्यावर बळी ठेवण्यास मैत्रेयाला सांगतो, आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्याच धाग्यावरून पुण्याच्या आसपासच्या मातृस्थानांपर्यंतचा माग काढला आहे.

'उतरणे' या क्रियापदाची जोडी खरे पाहता 'चढणे'शी आहे. ताप चढतो आणि उतरतो, नशा चढते आणि उतरते, विष चढते आणि उतरते. दृष्ट चढत नाही, लागते. तरीही तिला 'उतरणे' चालते. म्हणजे स्पर्शाची एक कल्पना आणि चढउताराची दुसरी कल्पना येथे एकत्र आल्या आहेत. ज्याला 'काढणे' म्हणतात ते स्पर्शाच्या बाजूचे, आणि ज्याला 'उतरविणे' म्हणतात ते चढणाऱ्या ओझ्याच्या बाजूचे. भुताच्या बाबतीतही 'काढणे' व 'उतरविणे' ही दोन्ही क्रियापदे चालतात.

लागण्यापूर्वीचा बचाव अधिक सूक्ष्म आहे. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात, त्यास तीट किंवा गालबोट म्हणतात. 'लावणे' हे 'लागणे'चे प्रयोजक रूप. दृष्ट आपोआप लागण्यापूर्वी आपणच एक लहानसे वैगुण्य लावून ठेवावयाचे, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्ट त्याच्यावर खर्ची पडते. लागणाऱ्याच्या आधी लावलेले, असा हा प्रतिकार केवळ धातूच्या एका रूपांतराने सांगितला जातो. या शब्दाचा पुढचा प्रवास गमतीचा आहे. वृत्तपत्रांतून आज 'यात्रेला गालबोट लागले' असे छापून येते, तेव्हा गालबोट हे संरक्षण उरलेले नसते. तेच अनिष्ट झालेले असते. रक्षणाचे साधन आघाताच्या जागी गेले, आणि क्रियापदही 'लावले'वरून पुन्हा 'लागले'वर आले, म्हणजे कर्ता गळाला. शब्दार्थाच्या उलथापालथीची उदाहरणे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण सहज सापडणार नाही.

'लागीर' हा शब्दही याच धातूचा. भूतबाधा हा त्याचा अर्थ; पण २०१७ साली सुरू झालेल्या एका मराठी दूरदर्शन मालिकेने तो नावातच घेतला आणि प्रेमाने झपाटले जाण्याच्या अर्थाने तो घराघरांत पोचविला. प्रेमालाही कर्ता नको असतो, ते लागतेच; म्हणून शब्द बदलावा लागला नाही.

आता 'करणे'. करणी म्हणजे मुळात केवळ कृती. 'जशी करणी तशी भरणी' या म्हणीत मंत्रतंत्राचा गंधही नाही. संस्कृतातील 'कृत्या' या शब्दाची गतही तीच. धातू 'कृ', अर्थ करावयाचे ते, आणि अथर्ववेदात मात्र शत्रूने पाठविलेला अभिचार. 'अमक्याने करणी केली' हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे. कर्ता 'ने' घेऊन स्पष्ट उभा आहे. कर्ता वगळून 'घरावर करणी केलेली आहे' असे म्हटले तरी 'केलेली' या कृदन्तात करणाऱ्याची जागा राखलेली असते. ती रिकामी आहे, पुसलेली नाही. रिकामी जागा ऐकणाऱ्याला टोचते. 'दृष्ट लागली' या वाक्यात अशी जागाच नाही.

आपल्या वैयाकरणांनी कर्तरी, कर्मणी, भावे या घडणींना 'प्रयोग' हे नाव दिले. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्यांची सविस्तर चर्चा आहे. मांत्रिकही आपल्या कृतीला प्रयोगच म्हणतो. हा योगायोग असला तरी येथे तो अर्थपूर्ण ठरतो. कोणता मंत्रप्रयोग झाला असे मांत्रिक सांगतो, ते कोणत्या व्याकरणप्रयोगात सांगतो, यावर पुढचे बरेच अवलंबून राहते.

कारण करणीचा बचावही कर्त्याकडे पाहतो. करणी 'उलटवितात', 'परतवितात'. 'करणी काढणे' असेही म्हणतात, परंतु तेथे काढावयाची असते ती उंबऱ्याखाली किंवा परसात पुरलेली वस्तू, टाचण्या टोचलेले लिंबू, बाहुली, केस. वस्तू निघाली तरी प्रयोगाचे पूर्ण निवारण ते उलटल्यावरच. अथर्ववेदातील कृत्याविषयक सूक्तांतही कृत्येला तिच्या करणाऱ्याकडे परत जाण्यास सांगितलेले आहे. त्याच वेदातील 'प्रतिसर' नावाचा मणी तर व्युत्पत्तीनेच 'उलट धावणारा' आहे. पुढे संस्कृतात हा शब्द मनगटाला बांधावयाच्या मंगलसूत्रासाठी, विवाहातील दोऱ्यासाठी रूढ झाला. ज्याने तो दोरा बांधला त्याला आपण कोणावर काही उलटवितो आहोत, याचा पत्ताही राहिला नाही.

'मूठ मारणे' यात आणखी एक गोष्ट आहे : दिशा. मारणारा एकीकडे, लक्ष्य दुसरीकडे, मध्ये अंतर. भूमिकाखेळातील नेम धरून फेकण्याच्या मंत्राशी याचे साम्य डोळ्यांत भरते. म्हणून मुठीचा बचाव वाटेतला. ती अडविता येते किंवा परतविता येते, आणि परतली तर मारणाऱ्यावरच पडते. लागून गेलेली मूठ उतरविण्याची भाषा क्वचितच ऐकू येते. अस्त्रांच्या युद्धातही हीच कल्पना. आग्नेयास्त्राला वारुणास्त्र, नागपाशाला गरुड. एकाला त्याच्या विरोधी तत्त्वाने विझविले, दुसरे त्याच्या जन्मवैऱ्याला पाहून सुटले. द्रोणपर्वातील नारायणास्त्राचा प्रसंग या सर्वांहून निराळा आहे. द्रोणवधानंतर अश्वत्थाम्याने ते सोडले तेव्हा श्रीकृष्णाने सर्वांना शस्त्रे टाकून वाहनांवरून खाली उतरावयास सांगितले, कारण ते अस्त्र विरोध करणाऱ्यावरच वाढत जाते. भीमाने ऐकले नाही, आणि त्याला ओढून रथाखाली आणावे लागले. प्रतिकार हीच जेथे जखम, तेथे ढालीचा विचारच व्यर्थ. खेळांच्या नियमकर्त्यांनाही असा मंत्र क्वचितच सुचला आहे.

आघात कोणताही असो, आधीच घालून ठेवावयाचे कवच हा बचावाचा चौथा मार्ग. याचे क्रियापद 'बांधणे'. गंडा बांधतात, काळा दोरा बांधतात, दिशा बांधतात. ताईतही दंडाला किंवा गळ्यात बांधावयाचा. (ताईत हा अरबीतून आलेला शब्द 'गळ्यातला ताईत' या वाक्प्रचारात लाडक्या माणसाचा वाचक झाला, हे जाताजाता.) कवचस्तोत्रांकडे बारकाईने पाहिले तर त्यांची व्याप्तीची कल्पना फार काटेकोर दिसते. मराठी घरांतून सायंकाळी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेत मस्तकापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केलेला आहे. भागवताच्या सहाव्या स्कंधातील नारायणकवचात, जे विश्वरूपाने इंद्राला शिकविले, स्थळकाळाची वाटणी आहे. पाण्यात मत्स्याने, जमिनीवर वामनाने रक्षण करावे. दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांना वेगवेगळी नावे. एका स्तोत्राने शरीराचा नकाशा केला, दुसऱ्याने जगाचा. दोहोंतही शत्रूचे नाव घेण्याची गरज उरलेली नाही. फट राहू नये एवढीच चिंता आहे. गावाच्या पातळीवर हेच काम शिवेवरचा म्हसोबा आणि घाटातली वाघजाई करीत असते.

फट कोठे राहते, हे सांगण्यासाठीही भाषेने शब्द राखून ठेवले आहेत. 'ओल्या अंगाची' बाळंतीण, 'हळदीच्या अंगाचा' नवरा, तान्हे मूल. ही माणसे एका अवस्थेतून दुसरीत जात आहेत, पूर्ण वाळलेली नाहीत. म्हणून नवऱ्या मुलाच्या हाती लिंबू खोचलेली कट्यार देतात. भूमिकाखेळात ज्याला पात्राचा अंगभूत प्रतिकार म्हणतात, तो येथे माणसाच्या स्वभावात नसून त्याच्या अवस्थेत आहे, आणि अवस्था पालटते. ही कल्पना खेळातील ठोकळेबाज आकड्यांहून अधिक जाणती आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

इव्हान्स-प्रिचर्ड यांनी सुदानमधील आझांदे लोकांविषयी १९३७ साली लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात, जन्मतः अंगी असलेली व नकळतही बाधणारी शक्ती आणि मंत्रविधीने हेतुपुरस्सर केलेला घात, असा भेद दाखविला आहे. मराठीतील 'लागणे' व 'करणे' यांचा भेद त्याच्याशी जुळवून पाहण्याचा मोह होतो. परंतु तो आवरता घेतला पाहिजे. आझांदे लोकांत पहिल्या प्रकारच्या बाधेतही कौल लावून माणूस शोधला जातो आणि त्याला कळविले जाते. तो पाणी फुंकरून आपले मन निर्मळ असल्याचे दाखवितो. मराठीत दृष्टीच्या बाबतीत मीठ-मोहरी जळते आणि प्रकरण तेथेच मिटते. कोणाची दृष्ट, हे विचारले गेले तरी उत्तरावाचून काही अडत नाही. दृष्ट काढताना 'आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची' अशी सर्वांना मिळून एकच यादी पुटपुटतात, ती यासाठीच. यादीत सगळे आले की कोणीच आले नाही. हेतू असणे-नसणे यापेक्षा कर्त्याची जागा वाक्यात आहे की नाही, हा भेद मराठीपुरता अधिक निर्णायक दिसतो.

येथवरचा विचार भाषेच्या घडणीचा झाला. तिचे परिणाम दोन ठिकाणी माणसाच्या जिवाशी येतात.

पहिले ठिकाण सर्पदंशाचे. पावसाळ्यात भातखाचरांत वाकून काम करणाऱ्या मुळशीच्या शेतकऱ्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची भीती खरी आहे. 'पान लागले' असे एकदा म्हटले की पुढचे क्रियापद 'उतरविणे' हे ठरल्यासारखेच येते, आणि विष उतरविणारा म्हणजे देवऋषी किंवा भगत. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे किंवा विष न टोचलेले असतात, म्हणून उताऱ्याला यश आल्यासारखे दिसते. विषारी दंशात मात्र ते विष कोठे वर चढून बसलेले नसते. मण्यारीचे मज्जासंस्थेवर आणि घोणशीचे रक्तावर काम चालू झालेले असते, आणि गमावलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. भारतात वापरली जाणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांच्या विषावर मिळून एकच तयार केलेली असते. कोणता आघात आणि कोणता बचाव यांचा मेळ येथे प्रयोगशाळेने घालून दिलेला आहे. साप ओळखता आला नाही तरी चालावे, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब. लसही विष 'उतरविते' असेच लोक म्हणतील, आणि म्हणू द्यावे. क्रियापद तेच ठेवून वाट दवाखान्याची धरता येते.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी वर्षानुवर्षे ज्याचा पाठपुरावा केला होता, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर चारच दिवसांनी वटहुकमाच्या रूपाने आला आणि डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळाने तो संमत केला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. भाषेच्या अभ्यासकाने ती या दृष्टीने वाचावीत. दृष्ट काढणे तेथे नाही, गालबोट लावणे नाही, दारावर लिंबू टांगणे नाही. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे, हा गुन्हा आहे. आणि अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने जनावराचे दूध आटविते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे, हाही गुन्हा आहे. 'भूत लागणे' ही समजूत कायद्याने शिक्षापात्र मानलेली नाही. 'लागणे'चे 'लावणे' करून तेथे एक माणूस उभा करणे शिक्षापात्र मानले आहे. विधिज्ञांनी हे व्याकरण म्हणून केले नसेल, पण त्यांचे बोट नेमके त्या रिकाम्या जागेवर पडले आहे.

त्या जागेत आजवर कोण भरले गेले, हे सांगावयास नको. विधवा, निपुत्रिक, एकटी राहणारी, भावकीत जमिनीचा हिस्सा असलेली स्त्री. सातपुड्याच्या भागात अशा स्त्रीला 'डाकीण' ठरविले गेल्याची आणि तिचा छळ झाल्याची प्रकरणे वारंवार पुढे आली आहेत. भूमिकाखेळात मंत्र टाकणारा मेजाच्या पलीकडे बसलेला असतो. कर्ता नेहमीच ठाऊक असतो, म्हणून तेथे उलटविण्याचा मंत्र निरपराध माणसावर जाऊन पडत नाही. गावात कर्ता अदृश्य असतो आणि बचाव मात्र त्याच्याच दिशेने सोडलेला असतो.

भाषेमुळे हे घडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वैर, मत्सर आणि जमीनजुमला हीच त्याची कारणे. पण वैराला वाट लागते, आणि ती वाट 'केलेली आहे' या दोन शब्दांनी उघडते. तापलेल्या मुलाला दृष्ट लागली म्हणणारे घर आणि त्याच मुलावर केलेले आहे म्हणणारे घर, यांचा पुढचा आठवडा सारखा जात नाही.

कायद्याच्या दृष्टीने खरी अडचण अशी, की मुरलेला देवऋषी ती जागा स्वतः पूर्ण भरीतच नाही. 'घरातलंच माणूस आहे', 'सावळ्या अंगाची बाई आहे', 'मावळतीकडं दार आहे तिचं', एवढेच तो बोलतो. नाव घेत नाही. प्रत्येक वाक्याचे क्रियापद 'आहे'. करणे, लावणे, मारणे यांपैकी एकही नाही. नाव घरातली माणसे घरी परतताना वाटेत घेतात.